गटात सगळे साक्ष देतात, शेजाऱ्याशी कुणीच बोलत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नगर शहरात आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ ख्रिस्ती गृहसभा भरते. नऊ-दहा जण येतो. त्यात एक नर्स, एक निवृत्त शिक्षक, एक रिक्षावाले, दोन कॉलेजची मुलं आणि बाकी गृहिणी. आपल्या विश्वासाविषयी मंडळीबाहेरच्या, म्हणजे आपल्या चर्चबाहेरच्या लोकांशी बोलायला सगळ्यांनी शिकावं, असं यंदा ठरवलं. मी चार मुद्द्यांचा आराखडा पाठ करून घेतला, पत्रकं वाटली आणि ‘पुढच्या गुरुवारपर्यंत एकाशी तरी बोलून या’ असा गृहपाठ दिला. दोन आठवड्यांत तिघांनी येणं बंद केलं. नर्सताईंनी एका पेशंटच्या नातेवाइकाला पत्रक दिलं, तर मेट्रनकडे तक्रार गेली. गटात मात्र हीच माणसं छान साक्ष देतात, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतात. पाळकसाहेब (आमचे पास्टर) विचारतात, ‘नवीन किती आले?’ यांचा विश्वास कमी पडतोय, की माझं शिकवणं?

ताई, सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या पत्रातला ‘गटात मात्र छान साक्ष देतात’ हा भाग तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण उत्तर बरंचसं तिथेच आहे. ज्यांना दहा जणांसमोर बोलता येतं त्यांना बोलण्याची भीती नाही. मग शेजारी बसलेल्या एका माणसासमोर त्यांची जीभ का अडते? माझ्या मते कारणं दोन आहेत. गटात ते जी मराठी बोलतात ती बाहेर चालत नाही, हे त्यांना मनातून कळतं. आणि तुम्ही सोपवलेलं काम साक्ष देण्याचं नव्हतं, ते माणूस आणण्याचं होतं. हेही त्यांना कळतं, आणि समोरच्यालाही.

आधी दुसरं कारण घेऊ, कारण ते सुधारायला सोपं आहे. ‘एकाशी तरी बोलून या’ म्हटलं की त्या आठवड्यात भेटणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक दिसू लागतो. वर्षानुवर्षं दिवाळीचा फराळ देणाऱ्या शेजारणीकडे आपण अचानक हेतू मनात धरून जातो, आणि ते तोंडावर दिसतं. विमा पॉलिसी विकणारा मावसभाऊ घरी आला की जसं वाटतं ना, तसंच तिला वाटतं. तुमच्या तिघांनी येणं थांबवलं ते बहुधा या लाजेपायी. काम झालं नाही, मग गुरुवारी हजेरी कशी लावायची?

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बरा झालेला माणूस येशूबरोबर जायला निघतो, तेव्हा येशू त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवतो. प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग, एवढंच काम देतो. ‘इतक्यांना घेऊन ये’ असं तिथे नाही. पाळकसाहेबांना हा अध्याय मी दाखवायची गरज नाही. पण तुम्ही त्यांना स्पष्ट विचारा, की नवीन किती आले हा आकडा सहा महिने बाजूला ठेवाल का? त्याऐवजी, गटातल्या किती जणांना आपली गोष्ट मंडळीबाहेरच्या माणसाला कळेल अशी सांगता येते, हे त्यांनी विचारावं. आज तुमच्या गटात तो आकडा शून्य किंवा एक असेल. तो नऊवर नेता येतो, आणि तेही साधारण सहा गुरुवारांत. दीड तासातली पंचवीस मिनिटं याला द्या. बाकी गाणं, वचन, प्रार्थना, चहा नेहमीसारखं चालू द्या.

पहिल्या गुरुवारी कुणालाच काही सांगायला लावू नका. प्रत्येकाला एक कोरा कागद द्या. त्यावर जन्मापासून आजपर्यंत आडवी रेघ ओढायची आणि देवावाचून आपलं चाललं नसतं असं जिथे वाटलं, अशा तीन जागी खूण करायची. इथे एक अडचण हमखास येते. नगरमधल्या तुमच्या गटात निम्मे तरी तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती असणार. ते म्हणतील, ‘मला कुठे साक्ष आहे? मी तर बाळपणीच बाप्तिस्मा घेतला.’ दारू सुटली, आजार गेला, अमुक तारखेला तारण झालं, अशीच साक्ष ऐकत वाढलेल्या माणसाला आपलं साधं आयुष्य साक्षीच्या लायकीचं वाटत नाही. त्यांना प्रश्न बदलून विचारा: ‘विश्वास कधी मिळाला’ हे सोडा, ‘सोडून द्यावासा कधी वाटला, आणि तरी का सोडला नाही?’ या प्रश्नाला चौथ्या पिढीकडेही उत्तर असतं, आणि बहुतेकदा ते पहिल्या पिढीच्या उत्तरापेक्षा जास्त खरं असतं.

दुसरा गुरुवार भाषेचा. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

एक मोठा कागद भिंतीला लावा आणि मंडळीबाहेर ज्यांचा अर्थ लागत नाही किंवा वेगळाच लागतो, असे शब्द सगळ्यांकडून गोळा करा. तारण, कृपा, अभिषेक, नवा जन्म, कोकरा, रक्ताने धुणे, ओझे, सहभागिता, आत्म्याने भरणे. ‘तारण’ म्हटलं की बाहेरच्या माणसाला बँकेत गहाण ठेवलेलं सोनं आठवतं. ‘नवा जन्म’ म्हटलं की पुनर्जन्म. ‘मला ओझं आहे’ म्हटलं की तो पिशवी धरायला हात पुढे करेल. हे शब्द वाईट नाहीत, उपासनेत त्यांची जागा आहेच. पण पुढचे चार गुरुवार पंचवीस मिनिटांपुरते ते बंद. ज्याच्या तोंडून निघेल त्याने तीच गोष्ट घरच्या मराठीत पुन्हा सांगायची. कॉलेजच्या दोघांना पंच करा, त्यांना मजा येईल.

याला कुणी ‘वचन पातळ करणं’ म्हटलं तर पंडिता रमाबाईंची आठवण द्या. संस्कृतवर प्रभुत्व म्हणून ज्यांना ‘पंडिता’ पदवी मिळाली, त्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं भाषांतर करण्यात घालवली, ते खेड्यातल्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत. पांडित्य कमी पडलं म्हणून त्यांनी सोपं लिहिलं, असं कुणी म्हणणार नाही.

फरक कसा पडतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहा. समजा, तुमचे रिक्षावाले भाऊ गटात म्हणतात: ‘मी पापात बुडालेलो होतो, पण प्रभूने आपल्या मोलवान रक्ताने मला विकत घेतलं, आज मी नवी उत्पत्ती आहे, हालेलुया.’ सगळे ‘आमेन’ म्हणतात. स्टँडवरच्या मित्राला यातून काहीही कळत नाही, अगदी काय घडलं तेसुद्धा. आता त्यांना विचारा, ‘कुठलं पाप? कधी? कुणाशी?’ मग हळूहळू बाहेर येतं:

‘वडील गेल्यावर जमिनीवरून भावाशी बोलणं तुटलं. चार वर्षं. दर रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणायचो, त्यात एक ओळ आहे: आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलंय तसं तू आम्हाला सोड. ती ओळ आली की मी गप्प बसायचो. म्हणायची कशी? खोटं ठरलं असतं. एके दिवशी बायकोने विचारलं, तुम्ही मध्येच का थांबता? त्या संध्याकाळी रिक्षा घेऊन भावाच्या दारात गेलो. जमिनीचं अजून मिटलेलं नाही. पण आता जेवायला जातो त्याच्याकडे. माझ्या स्वभावात हे नव्हतं. येशूने ते करून घेतलं, असं मी मानतो.’

हे सांगायला मिनिटसुद्धा पुरं लागत नाही. त्यात एकही बंद शब्द नाही आणि येशूचं नावही लपवलेलं नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटतं ते ‘जमिनीचं अजून मिटलेलं नाही’. आपल्या साक्षींना शेवट गोड करायची फार हौस. ऐकणाऱ्याच्या घरात काहीच मिटलेलं नसतं, त्यामुळे सगळं मिटलेल्या माणसाशी बोलायला त्याच्याकडे काही उरत नाही.

तिसऱ्या गुरुवारी जोड्या पाडा. एकाने दोन मिनिटं बोलायचं, मोबाइलवर वेळ लावून. दोन मिनिटांत साधारण दोनशे-सव्वादोनशे शब्द बसतात, म्हणजे वहीचं एक पान. लिहून आणलेलं वाचायचं नाही. दुसऱ्याने सल्ला न देता, ऐकलेलं फक्त आपल्या शब्दांत परत सांगायचं. जे परत येत नाही ते पोचलेलं नाही, एवढं ज्याचं त्याला कळतं. टीकेची गरज राहत नाही. मग जोडी बदलून पुन्हा एकदा. नवरा-बायकोची जोडी मात्र लावू नका. ‘तेव्हा आपण पुण्यात नव्हतो, दौंडला होतो’ यातच दोन मिनिटं संपतात.

सुरुवातीला नमुना म्हणून तुम्ही स्वतः बोलू नका, निदान तयारीने तरी नको. गटप्रमुखाचं गुळगुळीत बोलणं ऐकलं की बाकीचे गारद होतात. बोलायचंच तर अडखळत, बंद शब्दांवर पकडल्या जात बोला.

या टप्प्यावर तीन गोष्टी बिघडतात. एक, दुःखांची चढाओढ लागते, एकाने ऑपरेशन सांगितलं की दुसरा अपघात काढतो. अशा वेळी ‘या आठवड्यात घडलेली छोटी गोष्ट’ एवढीच मागा. दोन, दुसऱ्याची गुपितं आपल्या साक्षीत येतात. नवऱ्याचं व्यसन, मुलीचं मोडलेलं लग्न. ज्याची गोष्ट आहे त्याने ‘सांग’ म्हटल्याशिवाय ती सांगायची नाही. प्रार्थना-विनंती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकायची नाही. तीन, बरं होण्याच्या साक्षी. प्रार्थनेनंतर बरं वाटलं, हा ज्याचा त्याचा अनुभव आहे, तो सांगावा. पण डॉक्टर आणि औषधं त्या गोष्टीतून गाळू नका, आणि ‘तुम्हीही प्रार्थना करा, गोळ्या लागणार नाहीत’ हे वाक्य गटातल्या कुणाच्याही तोंडून कधीही निघता कामा नये. शुगरच्या पेशंटने इन्सुलिन थांबवलं तर जिवावर बेततं.

चौथा गुरुवार प्रश्नांचा. लोक खरोखर विचारतात ते प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि एकेक काढा. सोप्यापासून सुरू करा. ऑफिसात कुणीतरी दरवर्षी आनंदाने म्हणतं, ‘हॅपी गुड फ्रायडे!’ आपण कसनुसं हसून ‘थँक्यू’ म्हणतो आणि वर्षातली सगळ्यात सोपी संधी सोडतो. त्याऐवजी दोन वाक्यं: ‘खरं तर तो येशूला क्रुसावर दिलं त्याची आठवण करायचा दिवस, म्हणून आम्ही हॅपी म्हणत नाही. बारा ते तीन चर्चमध्ये त्याने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर मनन करतो.’ आणि थांबायचं. पुढे विचारलं तर पुढे. नाताळची करंजी देतानाही असंच.

मग अवघड चिठ्ठी निघते: ‘तुमच्या पणजोबांनी धान्यासाठीच धर्म बदलला ना?’ यावर चिडणारे तुमच्या गटात निघतील आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं आहे. उत्तर शांत आणि खरं असू द्या. दुष्काळात मिशनने माणसं जगवली हे खरं. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना शाळेत बसायला मिळालं, माणूस म्हणून वागवलं गेलं, हेही खरं. पणजोबांच्या मनात नेमकं काय होतं ते आज कोण सांगणार? ‘मी आज का विश्वास ठेवते, ते सांगू शकते. ऐकायचंय?’

आणि, ‘मग आमचे देव खोटे का?’ इथे दोन खड्डे आहेत. एकात पडलात तर समोरच्याच्या श्रद्धेचा अपमान होतो, दुसऱ्यात पडलात तर ‘सगळं सारखंच हो’ असं म्हणून आपण स्वतःशीच खोटं बोलतो. मधली वाट अशी: ‘तुमच्या श्रद्धेवर निकाल द्यायला मी बसलेली नाही. मी येशूलाच प्रभू मानते, ते लपवत नाही. त्याच्यात मला काय मिळालं एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.’ हे जोडीत चार वेळा मोठ्याने म्हणून बघायला लावा, मनातल्या मनात नको. निवृत्त शिक्षकांना ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ हे वाक्यही म्हणायला लावा. ते त्यांना सर्वांत जड जाईल.

आता नर्सताईंचं. त्यांची चूक धैर्याची नाही, जागेची आहे. जिथे समोरचा माणूस उठून जाऊ शकत नाही तिथे आपण होऊन विषय काढायचा नाही. पेशंट खाटेवर आहे, नातेवाईक त्या नर्सच्या हातातल्या सलाइनवर अवलंबून आहे; त्याला पत्रक ‘नको’ म्हणायची भीती वाटणारच. शिक्षक आणि विद्यार्थी, मालकीण आणि कामवाल्या मावशी, साहेब आणि शिपाई, सगळीकडे हाच नियम. लहान मुलांशी आईवडिलांच्या संमतीशिवाय तर नाहीच. कुणी आपण होऊन विचारलं, ‘सिस्टर, तुम्ही इतक्या शांत कशा?’ तर एका वाक्यात उत्तर द्यावं आणि ‘ड्यूटी संपल्यावर बोलू हवं तर’ म्हणावं. त्यांनी मेट्रनकडे जाऊन साधेपणाने चूक मान्य करावी असं मला वाटतं. गटाने त्यांना ‘छळ सोसणारी’ ठरवून टाळ्या वाजवू नयेत.

कायद्याचंही गटात एकदा स्पष्ट बोला. संविधानाचं २५वं कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्या धर्माची तत्त्वं मांडता येतात. जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिष यांवर अनेक राज्यांत वेगळे कायदे आहेत. आपल्याला आज काय लागू होतं ते पाळकसाहेबांमार्फत एखाद्या वकिलाकडून समजून घ्या. रोजच्या वागण्यात याचा अर्थ असा: गट कुणाला रेशन देत असेल, मुलाची फी भरत असेल, तर ते देताना सभेचं आमंत्रण द्यायचं नाही. शक्यतो देणारा माणूस आणि दिवसही वेगळा ठेवा. आणि नव्याने आलेल्या कुणाचा फोटो किंवा नाव ग्रुपवर टाकायचं नाही. त्याच्या घरी काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

पाचव्या गुरुवारी, कुणी खरंच ‘मला वाचायचंय’ म्हटलं तर काय करायचं, याची तयारी. पत्रकांचा गठ्ठा कपाटात ठेवा आणि मार्काच्या शुभवर्तमानाची सुटी पुस्तिका हाताशी ठेवा. सोळाच अध्याय आहेत, मोठ्याने वाचलं तरी दीडेक तासात होतात. एका बैठकीला एक अध्याय, आणि तीनच प्रश्न: यात येशू काय करतो? तुम्हाला काय नवल वाटलं? काय पटलं नाही? तिसरा प्रश्न विचारायला आपली माणसं कचरतात. तो गाळला तर ती बैठक वर्ग होते. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात येशूचा अनुयायी फिलिप्प रथात बसलेल्या माणसाला आधी विचारतो, वाचताय ते समजतंय का? आणि तो बोलावतो तेव्हाच चढून बसतो.

घाई किती करायची, याचं उत्तर तुमच्या गावच्या माणसाकडे आहे. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार दिला. ते तो वाचत राहिले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले, आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. एकाच घरात पाच वर्षांचं अंतर, आणि लक्ष्मीबाई आल्या त्या आपल्या पायांनी. टिळकांनी पुढे अभंग आणि कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्त मांडला, कारण समोरच्या माणसाचे कान कुठल्या सुरावर घडलेत ते त्यांना माहीत होतं. तुमचा गृहपाठ मात्र एका आठवड्याचा हिशेब मागत होता.

सहाव्या गुरुवारी सराव नको. प्रत्येकाने मंडळीबाहेरच्या एका मित्राला किंवा शेजाऱ्याला जेवायला बोलवावं, कुणाच्याही घरी. फक्त जेवायला. ‘आज बायबलविषयी काही नाही’ हे पाहुण्याला खरं वाटेल असं वागा. जेवणाआधी नेहमी प्रार्थना करता तशी करा, नेहमीपेक्षा लांब करू नका.

यापुढे दर गुरुवारी पाच मिनिटं एवढंच विचारा: ‘या आठवड्यात तुम्हाला कुणी काही विचारलं का? तुम्ही कुणाला काही विचारलंत का?’ ‘नाही’ हे उत्तर आलं की पुढे सरका, चेहरा पाडू नका. महिन्यातून एकदा जरी कुणी ‘हो’ म्हणालं, तर त्या संवादात कुठे अडलं ते घेऊन पुन्हा जोड्या पाडा.

आणि जे तिघं येईनासे झालेत त्यांना या रविवारच्या आत फोन करा. का आला नाहीत, हे विचारू नका. ‘गृहपाठ बंद केलाय, तो द्यायला नको होता’ एवढं सांगा. त्यांच्यातला एक जण परत आला तर पहिल्या गुरुवारी त्याच्या हातात कोरे कागद आणि पेनं द्या, वाटायला.